सोमलिंगचं मोटार शृंगार केंद्र

"कोल्हापुरात मोटारगाड्या धुणारे गल्लोगल्ली पडलेत. पण मोटार नटवणारा एक तरी हाय काय? न्हाय! तो मी हुणार!"

सोमलिंग हंजीनं सकाळच्या चहाला बायकोसमोर ही घोषणा केली तेव्हा बशीतला चहा धोतरावर सांडला. पण मोठ्या कामाच्या आरंभाला धोतराचा विचार कोण करतो!

सोमलिंग महाद्वार रोडवरच्या एका कापड दुकानात माप घेणारा माणूस. वीस वर्षं त्यानं शर्टाचं, झंपराचं, गादीच्या खोळीचं कापड मापून दिलं होतं. 'सोमलिंगच्या हातात मीटरपट्टी आली की इंच हलत नाही,' असं गिऱ्हाईकं म्हणत. निदान गिऱ्हाईकं असं म्हणतात, असं सोमलिंग म्हणत असे.

गेल्या दसऱ्याला दुकानाच्या मालकानं त्याला आपली फियाट पुसायला सांगितली. सोमलिंगनं फ्लॅनेलचा एक तुकडा घेतला, फरशीला लावायचं मेण घेतलं आणि गाडी अशी काही घासली, की मालकीणबाईंनी गाडीच्या दारात बघून कुंकू नीट केलं! झालं! त्या दिवसापासून सोमलिंगला रस्त्यानं जाणारी प्रत्येक गाडी अंघोळ न केलेल्या पोरासारखी दिसायला लागली. एसटीसुद्धा.

जागाही घरची होती. गंगावेशीजवळ त्याचं घर, घराला लागून लांबट गोठा, गोठ्याचं तोंड थेट गल्लीत. अडचण एकच होती. गोठ्यात मैना राहत होती. मैना म्हणजे नीलम्माची म्हैस. आणि नीलम्मा म्हणजे सोमलिंगची बायको, गडहिंग्लजकडची, आवाजानं दोन गल्ल्या पलीकडचं कुत्रं उठवणारी.

"आणि मैना कुठं जाईल?" नीलम्मानं विचारलं.

"परड्यात. वर छप्पर घालू की."

"तुमी जावा परड्यात. तुमास्नी घालून देते छप्पर."

"अगं, धंदा हाय! उद्या दारात गाड्यांची रांग लागंल."

"मैना दूध देती. तुमची गाडी काय देणार?"

सोमलिंग मीटरपट्टी उचलून दुकानाला गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मैना पाण्यावर गेलेली बघून गोठ्याला चुना मारायला घेतला. संध्याकाळी मैना परत आली तर दारात आडवा बांबू! ती बांबूकडे बघत उभी राहिली, मग सोमलिंगकडे बघत उभी राहिली. त्या रात्री तिनं निम्मं दूध चोरलं.  नीलम्मानं सोमलिंगच्या चहात दूध टाकायचं बंद केलं.

पण काम मात्र नामी झालं! सोमलिंगनं शेणाची जमीन उखडून शहाबादी फरशी घातली. दाराशी म्हशीच्या मुताची नाली होती, ती एका लांब फरशीनं झाकून टाकली. आत दारासमोरच्या भिंतीशी गव्हाण होती ती तशीच ठेवली, बादल्या ठेवायला. आणि खरी करामत पुढे होती. दोन्ही बाजूंच्या भिंतींना त्यानं कमरेच्या वर, दीड हात रुंदीच्या सागवानी फळ्या ठोकल्या. लोखंडी अँगल, अँगल सिमेंटात गाडलेले! फळ्यांवर मेणाचे डबे, ब्रश, फ्लॅनेल, स्पंज. फळ्यांखाली साबणाच्या पेट्या, जुन्या गोण्या आणि नीलम्माला न सांगता आणलेला एक मोठा आरसा. गिऱ्हाइकाला गाडीचं रूप दाखवायला.

शेजारचा सिकंदर पेंटर पाटी घेऊन आला. 'सोमलिंग मोटार शृंगार केंद्र' अशी झोकदार अक्षरं, आणि बाजूला कमरेला झोका दिल्यासारखी एक गुलाबी मोटार.

"झकास!" आत डोकावून सिकंदर म्हणाला. "पर सोमूदा, फळ्या जरा आत आल्यात न्हवं?"

"सिकंदर, मी कोण हाय?"

"कोण म्हंजे? सोमूदा."

"मी माप घेणारा माणूस हाय. अँबॅसिडर सगळ्यात रुंद गाडी. तिचं माप घिऊन, दोन्ही अंगाला वीतभर जागा सोडून मग फळ्या मारल्यात. कळलं?"

सिकंदरला कळलं. मोजमापात चूक नव्हतीच. ती अँबॅसिडर खरोखरच वीतभर जागा सोडून आत बसणार होती.

ती अँबॅसिडर होती हंबीररावांची. हंबीरराव म्हणजे शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. एके काळी तालमीत घुमलेले, आता नुसतेच घुमटासारखे झालेले. गाडी एके काळी पांढरी होती, आता तिला चहाचा रंग चढला होता. हंबीररावांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, पण शालनचं स्थळ आलं आणि पंचाईत झाली. शालन ही त्यांची एकुलती एक मुलगी, बी.ए. झालेली. तिला बघायला येणार होते वारणानगरचे गणपतराव. मुलगा धैर्यशील कारखान्यात इंजिनिअर, सरळ माणूस. पण बाप महाबारीक नजरेचा. एका घरी दार करकरतं म्हणून ते पोहे न खाता उठून आले होते, अशी त्यांची ख्याती!

"सोमलिंगा," हंबीरराव म्हणाले, "पावणं दुपारच्याला येणार. गाडी दारात हुबी असंल, तवा तिच्यात गणपतरावांचं तोंड दिसलं पायजे!"

"तोंड काय घिऊन बसलाय, मिशीचा केस न् केस मोजता यील!" सोमलिंग म्हणाला. ही आपली बोलण्याची पद्धत.

ठरल्या दिवशी सकाळी निम्मी गल्ली गोळा झाली. बांबू काढला, दाराला आंब्याची पानं बांधली, नारळ फोडला. हंबीरराव पाहुण्यांसाठी तयार होऊनच आले होते. रेशमी फेटा, बंद गळ्याचा कोट, अंगठ्या. मागं ड्रायव्हरनं गाडी खांबाला घासली होती, तेव्हापासून हंबीरराव स्टिअरिंग दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत.

सोमलिंग आत गव्हाणीला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही हात हलवू लागला.

"येऊ द्या! येऊ द्या! जरा डावीकडं... बास! आता सरळ! येऊ द्या!"

आणि खरंच, तलवार म्यानात जावी तशी गाडी आत आली! फळीला केसाचाही धक्का नाही! बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोमलिंगचा ऊर भरून आला. वीस वर्षं झंपराची मापं घेतली, त्याचं आज चीज झालं असं त्याला वाटलं.

तेवढ्यात मागं 'कडाड्' आवाज झाला. नालीवरची फरशी पुढच्या चाकांनी सोसली, मागच्या डाव्या चाकानं तिचे दोन तुकडे केले. चाक नालीत गेलं, गाडी एका कुशीवर कलली आणि बंद पडली.

"काय न्हाय, काय न्हाय!" सोमलिंग म्हणाला. "हितंच हुबी करायची होती. या, उतरा."

हंबीररावांनी दाराचा खटका ओढला. दार वीतभर उघडलं आणि फळीवर 'टक्' करून आपटलं. त्यांनी पुन्हा ओढलं. टक्. डावीकडचं दार बघितलं. टक्. मागची दोन्ही बघितली. टक्, टक्.



"सोमलिंगा," आतून अगदी हळू आवाज आला, "मी भाईर कुटनं येऊ?"

सोमलिंगनं गाडीचं माप घेतलं होतं. मुठी, आरसे, बंपर, सगळ्याचं माप घेतलं होतं. पण गाडीला दारं असतात, ती बाहेरच्या बाजूला उघडतात आणि आत बसलेल्या माणसाला कधी तरी बाहेर यायचं असतं, ही गोष्ट कापडाच्या धंद्यात कधी आलीच नव्हती!

"खिडकीतनं या की," तो म्हणाला.

हंबीररावांनी आधी फेटा बाहेर काढला, मग डोकं, मग एक खांदा. पोटाशी येऊन काम थांबलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. शेवटी कोटाची दोन बटणं बळी देऊन ते परत आत पडले.

"लेका, हितनं भाईर आलो की तुला दाखवतो!"

आणि तेव्हा सोमलिंगच्या ध्यानात आलं की आपणही आतच आहोत! मागे गव्हाण, पुढे गाडी, बाजूला फळ्या, फळ्यांखाली पेट्या आणि गोण्या. बाहेर पडायला एकच वाट होती. त्यानं धोतराचा काचा मारला, चपला काढल्या आणि बॉनेटवर चढला. हंबीररावांच्या डोळ्यांसमोर काचेवरून त्याची पोटरी गेली. मग टपावर 'डबाक् डबाक्' आवाज झाले. आणि मग आवाज थांबले.

"आता काय करतोयास वर?" आतून ओरड आली.

"वर आलोच हाय तर टप घासून घेतो. तेवढंच काम पुढं सरकतंय."

टपावर पालथं पडून सोमलिंगनं मेण लावलं, फ्लॅनेल फिरवलं. बाजूंना हात जाण्यासारखा नव्हता. म्हणून त्यानं टप असा चमकवला, की वरच्या कौलांची आणि वाशांची मोजदाद त्यात करता यावी! मग तो डिकीवरून घसरत गल्लीत उतरला. समोर नीलम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अय्यो शिवा! हेच्यासाठी माझ्या मैनेला भाईर काढली?"

सगळ्यांनी गाडीला हात घातला. पण गाडी काढायची होती मागं, आणि लोटायला पुढं जाणार कोण? मागून ओढली तर नुसती कुरकुरायची. तोपर्यंत ऊन चढलं, आणि पंचगंगेवरून मैना घरी आली. ओलीचिंब, खुशीत. दारातला बांबू गेलेला बघून ती थेट गोठ्यात शिरायला गेली, डिकी आडवी आल्यावर तिथंच थांबली, आणि डिकीवर हनुवटी टेकवून रवंथ करायला लागली. आज ती काही केल्या हलणार नव्हती.

"सोमूदा!" सिकंदरचे डोळे चमकले. "मैनेलाच जुपू की! म्हशीच्या अंगात काय ताकद असती ठावं हाय?"

"माझ्या म्हशीला?" नीलम्मा कडाडली.

"नीलम्मा, बाई, पाया पडतो!" गाडीच्या खिडकीतून अंगठ्यांनी भरलेला हात बाहेर आला आणि हलला. "पोरीच्या लग्नाचा सवाल हाय!"

नीलम्मा विरघळली. मैनेच्या गळ्यातून छातीवरून जाड दावं घेतलं, दुसरं टोक मागच्या बंपरला बांधलं. नीलम्मा भुसा-पेंडीची बादली घेऊन मैनेच्या पुढं उभी राहिली.

"ये गं माझी राणी! ये!"

मैनेनं वास घेतला. एक पाऊल टाकलं. दावं ताणलं. गाडी 'कर्र' वाजली.  मैनेनं मान खाली घालून दुसरं पाऊल टाकलं आणि खाट्‌कन् आवाज झाला!

गाडी जागच्या जागी राहिली. बंपर निघून आला!

पाठीमागं लोखंड खडखडल्यावर मैना भडकली. बादली दिसेल तिकडे पळत सुटली. ती मागं लागली म्हणून नीलम्मा बादलीसकट पळत सुटली. बादली टाकून द्यावी हे तिला सुचलं नाही, आणि "बादली टाक! बादली टाक!" म्हणून सोमलिंग ओरडत होता ते खडखडाटात ऐकू गेलं नाही. पुढं नीलम्मा, मागं मैना, तिच्या मागं ठिणग्या उडवणारा बंपर, त्याच्या मागं सिकंदर! अशी वरात गल्लीच्या तोंडाशी गेली आणि समोरून आलेल्या एका जीपपुढं थांबली.

जीपमधून एक वयस्क गृहस्थ उतरले. पांढरी टोपी, टोकदार मिशी. त्यांनी मैनेकडे बघितलं. बंपरकडे बघितलं. बंपरला नंबराची पाटी लटकत होती, तीही निरखून बघितली. मग सिकंदरला म्हणाले, "ही गाडी आमच्या हंबीररावांची. राहिलेली कुठं हाय?"

पाहुणे लवकर आले होते! घरी हंबीरराव नाहीत, गाडी नटवायला गेलेत, असं कळल्यावर गणपतराव गाडीचा नंबर विचारून घेऊन त्यांना शोधत इकडे आले होते.

दाव्यातून सोडवलेला बंपर एका बाजूनं सिकंदरनं आणि दुसऱ्या बाजूनं खुद्द नवऱ्या मुलानं, धैर्यशीलनं, धरला होता. ते सगळे गोठ्याच्या दारात आले तेव्हा सोमलिंगला वाटलं, आपण ह्या घटकेला मीटरपट्टी होऊन दुकानाच्या कोपऱ्यात उभं राहावं.

"कोण आलंय रं?" गाडीतून विचारणा झाली.

"पावणं."

"कुठलं पावणं?"

"वारणानगरचं."

 आतून हॉर्न वाजायला लागला, आणि वाजतच राहिला. हंबीररावांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं होतं.

गणपतराव शांतपणे पुढं झाले. डिकीवर हात टेकून मागच्या काचेतून वाकून बघत म्हणाले, "रामराम, हंबीरराव! बसा, बसा. उठायची तसदी घिऊ नका."

"उटतोय कुटला पावणं!" हंबीरराव रडवेल्या आवाजात म्हणाले. "रामराम! बसा की... सोमलिंगा, पावण्यास्नी बसायला दे काय तरी!"

सोमलिंगनं दोन उलट्या बादल्या मांडल्या. नीलम्मा धापा टाकत आली ती थेट मैनेच्या कासेशी बसली आणि पितळी पेल्यांतून फेसाळ दूध पाहुण्यांच्या हातात दिलं. सकाळपासून बांबू नाही, पळायला मिळालं, पेंडही मिळाली. मैनेनं आज काही चोरलं नाही. गणपतरावांनी पेला तोंडाला लावला आणि मिशीवरचा फेस पुसला. बारीक नजर गोठाभर फिरत होती. चुना, फळ्या, कललेली गाडी.  ह्यांनी करकरणाऱ्या दारावरून स्थळ मोडलं, इथं तर चार दारं उघडतच नाहीत!

तेवढ्यात रिक्षातून शालन उतरली. नटूनथटून, नारिंगी साडी, केसांत गजरा. घरी पोह्यांची कढई तशीच टाकून ती आली होती. तिनं मागच्या काचेतून वडिलांकडे बघितलं. मग बादलीवर बसलेल्या भावी सासऱ्याकडे, मग हातात बंपर धरलेल्या धैर्यशीलकडे बघितलं. तिनं ओठ दाबले, पदर तोंडावर धरला, आणि शेवटी असह्य होऊन अशी हसत सुटली की भिंत धरून खाली बसली! तिला बघून धैर्यशीलही हसायला लागला आणि बंपर त्याच्याच पायावर पडला.

"शालन!" गाडीतून गर्जना झाली. "पावण्यांसमोर हसतीस?"

"आबा, पण..." डोळे पुसत शालन म्हणाली, "ह्या फळ्या काढल्या की दार उघडतंय की!"

 सिकंदरनं सोमलिंगकडे बघितलं. नीलम्मानं सोमलिंगकडे बघितलं. मैनेनंही बघितलं असावं.

सकाळपासून म्हैस जुंपायचं सुचलं, टप घासायचं सुचलं, पण फळी काढायचं सुचलं नव्हतं! खरं सांगायचं तर सोमलिंगला एकदा सुचलं होतं. पण फळ्या सागवानी होत्या. तो विचार त्यानं गिळून टाकला होता.

"पहार हाय का?" धैर्यशीलनं बाह्या सरसावल्या.

"अँगल सिमेंटात हायत ओ," सोमलिंग क्षीण आवाजात म्हणाला. "लई मजबूत..."

धैर्यशील डिकीवरून टपावर चढला. त्याच्या मागोमाग पदर खोचून शालनही चढली. सोमलिंगच्या चकचकीत टपावर दोघं गुडघे टेकून बसले. तो पहार घालायचा, ती डबे उचलून सिकंदरकडे फेकायची. "जरा जपून, हात जाईल," असं तो म्हणाला. "तुमीच जपा, घसरतंय," असं ती म्हणाली. आणि टप खरोखरच इतका गुळगुळीत झाला होता की धैर्यशील घसरला. त्याचा दंड तिनं धरला, आणि धरलेला दंड सोडायला दोघांनीही बराच वेळ घेतला. एकेक फळी तुटत होती. प्रत्येक फळीबरोबर सोमलिंगच्या तोंडून 'आई गं' असा बारीक आवाज निघत होता. शेवटची फळी गोण्यांमागच्या आरशावर पडली आणि तोही गेला. नीलम्मानं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. "आरसा कधी आणला?"

दार उघडलं. हंबीरराव बाहेर आले. फेटा मोडलेला, कोटाला बटणं नाहीत, घामानं निथळलेले. ते सोमलिंगकडे एक पाऊल टाकणार तेवढ्यात गणपतराव बादलीवरून उठले.

"हंबीरराव, आतापतोर लई घरं बघितली," ते म्हणाले. "समदीकडं पोरगी खाली मान घालून बसती आणि माझं पोरगं तोंड शिवल्यावानी बसतं. आज त्यो बोलला, हसला. पोरीनं डोकं चालवलं, आणि धीरबी दाखवला. मला आणिक काय बघायचं न्हाय. पोरगी पसंत हाय." मग नीलम्माकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, अजून एक पेला मिळंल काय?"

हंबीररावांनी सोमलिंगसाठी उगारलेला हात त्याच्याच गळ्यात टाकला. दोघंही रडले. हंबीरराव आनंदानं रडले. सोमलिंग फळ्यांकडे बघून रडला, पण ते त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

गाडी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून काढली. टप आरशासारखा, बाजू चहाच्या, मागं बंपर नाही. हंबीरराव मुलीच्या लग्नाला टांग्यातून गेले. पण जेवणावळीत सोमलिंगला पहिल्या पंगतीत, खुद्द स्वतःशेजारी बसवून त्यांनी दहा जणांना सांगितलं, "हेच्याच गोठ्यात जमलं बरं का आमच्या शालनचं!"

सोमलिंगला वाटलं, झालं, बोलबाला झाला! आता फळ्या नसल्या तरी चालतील. बाजूला उभं राहून घासता येईल. तो रोज संध्याकाळी दुकानातून आला की पाटी पुसून दारात खुर्ची टाकून बसू लागला. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मग एका रविवारी खरंच एक माणूस आला. कुरुंदवाडकडचा, धोतर-टोपी, मागं लुगडं सारखं करत बायको. माणसानं पाटी वाचली, आत वाकून गोठा बघितला, भिंती चाचपल्या आणि हात जोडले.

सोमलिंग ताडकन उठला. फ्लॅनेल झटकलं.

"या, या, पावणं! कुठली गाडी? अँबॅसिडर का फियाट?"

पाहुणा ओशाळला. त्यानं बायकोकडे बघितलं, बायकोनं मान डोलावली. मग तो घसा खाकरून म्हणाला,

"गाडी न्हाय ओ आमच्याकडं. पोरगी हाय."